पद कोण म्हणतं? : ५ नोव्हेंबरच्या निमित्तानं सांगली, हरिपूर, मिरज

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली संस्थानच्या दरबारात विष्णू अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास भावे, यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं. तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून सगळीकडे पाळला जातो, पण सांगलीत त्याला घरच्या कार्याची कळा असते. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात रंगभूमीचं पूजन होतं आणि अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती त्या वर्षीचं विष्णुदास भावे गौरवपदक देते. या पदकाचे पहिले मानकरी बालगंधर्व.

संध्याकाळचा सोहळा बघून रात्रीच्या गाडीला बसणारे बरेच असतात. आमचा आग्रह तीन दिवसांचा आहे, ४ ते ६ नोव्हेंबर. कारण ज्या नाटककाराचा हा दिवस, त्याचं नाटक आज जसंच्या तसं कुठं बघायला मिळत नाही. विष्णुदासांनी संवाद लिहून ठेवलेच नव्हते. त्यांनी रचली ती आख्यानांची पदं, म्हणजे नाटकातली गाणी, आणि ती पात्रांनी नव्हे, सूत्रधारानं म्हणायची. तिथून निघून पद नटाच्या तोंडी कसं आलं, मग घरातल्या बोलीत कसं उतरलं आणि शेवटी मैफलीएवढं कसं झालं, हा सगळा प्रवास सांगली, हरिपूर आणि मिरज या एकमेकांना लागून असलेल्या तीन गावांत पायाखालून घालता येतो. तीन दिवस 'पद कोण म्हणतं?' एवढा एकच प्रश्न डोक्यात ठेवला तरी पुष्कळ.

निघण्याआधी

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून पहाटे सांगली-मिरजेला आणते. दिवसा यायचं तर कोयना आहे. गोव्याकडच्या मंडळींना गोवा एक्सप्रेस मिरजेला उतरवते. सांगलीत न थांबणाऱ्या गाडीचं तिकीट बिनधास्त मिरजेपर्यंत काढावं. तिथून सांगली रस्त्यानं जेमतेम दहा किलोमीटर, आणि विश्रामबागेवरून बस, रिक्षा सतत चालू असतात.

आरक्षणात फसगत होते ती तारखेमुळे. ५ नोव्हेंबर ठरलेला, दिवाळी मात्र तिथीनं सरकते. एखाद्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच उरकते, तर एखाद्या वर्षी नेमकी याच आठवड्यात येते. तेव्हा पंचांग आधी बघावं. दिवाळी जवळ असेल तर गाडीचं आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी करावं आणि परतीचं त्याहून आधी. स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट: हा उसाच्या हंगामाचा तोंडाचा काळ. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, कित्येकांना मागचा दिवा नसतो. पुण्याहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे, ते उजेडात संपेल असं निघावं. ऊसदराचं आंदोलन पेटलेलं असेल तर रस्ता अडण्याची शक्यताही धरावी.

कार्यक्रमाच्या वेळा आणि प्रवेशिकांची माहिती वर्तमानपत्रांच्या सांगली आवृत्तीत दोन-तीन दिवस आधी येते. नाट्यमंदिराच्या फलकावर ती ४ तारखेलाच बघून घ्यावी. पदक कोणाला हे आधीच जाहीर झालेलं असतं. त्या कलावंताचं एखादं काम येण्यापूर्वी बघून किंवा वाचून ठेवलं तर संध्याकाळच्या भाषणांना अर्थ येतो.

४ नोव्हेंबर : सांगली, गणपती आणि राजवाडा

सकाळी आधी गणपती मंदिर. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी ते बांधलं. विष्णुदासांचे वडील याच संस्थानच्या चाकरीत होते आणि नाटक करण्याची आज्ञा केली तीही अप्पासाहेबांनीच. कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. तो यक्षगानाच्या घराण्यातला खेळ. त्यातला आरडाओरडा आणि धांगडधिंगा काढून काही नेटकं करता येईल का, हा अप्पासाहेबांचा प्रश्न, आणि 'सीतास्वयंवर' हे विष्णुदासांचं उत्तर. मुळात हा गडी हाताचा कसबी. लाकडी बाहुल्या करून त्यांचा खेळ मांडायचा खटाटोपही त्यानं केला होता. हातपाय हलणाऱ्या त्या बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या.

मंदिरातून राजवाड्याकडं चालत जाता येतं. आत शिरण्यापूर्वी चौकशी करावी, सगळे भाग सगळ्या वेळी उघडे नसतात. बाहेर उभं राहूनही पुढचं चित्र मनात मांडता येतं, आणि ते इथंच मांडावं.

दरबारात एका बाजूला पडदा. पडद्यापुढं सूत्रधार, त्याच्या मागं झांजा-मृदंगवाले. आधी मंगलाचरण. मग झाडपाल्यानं अंग झाकलेला विदूषक उड्या मारत येतो आणि सूत्रधाराशी त्याची जुगलबंदी होते. पडदा सरतो तो गणपतीसाठी. स्तवन, आशीर्वाद, निघून जाणं. त्यानंतर मोरावर बसलेली सरस्वती नाचत येते. एवढं झाल्यावर आख्यान लागतं. सूत्रधार पद म्हणतो, पदात प्रसंग सांगितलेला असतो. पद संपलं की त्या प्रसंगातली पात्रं आपल्या शब्दांत बोलतात. बोलणं आयत्या वेळचं. राक्षस आले की दिवट्यांवर राळ फेकून भपका उडवायचा आणि आरोळी ठोकायची. पुढच्या पिढीनं या धाटणीला 'अललडुर्र' नाटक असं नावच दिलं. स्त्रीपात्रं अर्थात पुरुषच करत.

या मांडणीत एक मोठी सोय होती. नटाला गाता आलं नाही तरी चाले, पाठांतराचा प्रश्नच नव्हता. सगळा भार सूत्रधाराच्या गळ्यावर. तिची कमजोरीही तीच. सूत्रधार बसला की खेळ बसला. शिवाय संवाद कागदावर नसल्यानं नट गेला की त्याचं बोलणंही गेलं. १८८५ साली विष्णुदासांनी 'नाट्यकवितासंग्रह' छापला, त्यात पदं टिकली. प्रयोगात जे प्रत्यक्ष बोललं जाई ते हवेत विरलं. उद्या सोहळ्यात 'आद्य नाटककार' हा शब्द वारंवार कानावर पडेल. तेव्हा संहिता लिहिणारा नाटककार डोळ्यांपुढं न आणता खेळ रचणारा, बसवणारा, गाणारा, कपडे-मुकुट करून घेणारा आणि पुढं बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस आणावा. आमच्या मते हे मोठेपण लेखकापेक्षा काकणभर जास्तच आहे.

गावोगाव हिंडण्याची वेळ आली ती १८५१ मध्ये अप्पासाहेब वारल्यावर. राजाश्रय तुटला, मंडळी पोसायची तर प्रेक्षकांकडून पैसा घेणं भाग होतं. 'सांगलीकर' मंडळी बाहेर पडली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक धंदा म्हणून उभं राहिलं ते या गरजेतून. १८४३ इतकंच १८५३ हेही वर्ष साजरं व्हायला हवं, असं इथं राहून राहून वाटतं.

दुपारी विश्रांती. ऊन उतरल्यावर कृष्णेचा घाट आणि आयर्विन पूल, हा १९२९ चा. पुलावर पाण्याची पातळी फुटात मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. या शहरात जुनी संहिता, जुने पडदे, हार्मोनियम असं काही जपायचं तर ते तळमजल्यावर ठेवून चालत नाही, ही गोष्ट पुलावर उभं राहिल्यावर लगेच पटते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातला गाळ वाळलेला दिसतो; तो वरून कोरडा आणि खाली निसरडा असतो, तेव्हा पाण्यापर्यंत उतरायचा मोह आवरावा.

रात्री भडंग घेऊन ठेवावं. उद्या जेवणाच्या वेळा सांभाळल्या जाणार नाहीत.

५ नोव्हेंबर : पूजन, हरिपूर, पदक

पूजनाला वेळेच्या अर्धा तास आधी पोचावं. रिक्षावाल्याला 'भावे नाट्यमंदिर' एवढं सांगितलं की पुरतं. रंगभूमीचं पूजन म्हणजे नटराजाची मूर्ती, हार, उदबत्ती, नारळ. पण नाटकवाल्यांच्या पूजेत बघण्याजोगं असतं ते मूर्तीपुढं काय काय मांडलं जातं ते. घुंगरू, तबला-पेटी, रंगभूषेची पेटी, नव्या नाटकाची संहिता. दसऱ्याला शेतकरी अवजारं पूजतो तसंच हे.

मग नांदी. महाराष्ट्रात या दिवशी बहुतेक ठिकाणी जी नांदी कानावर पडते ती विष्णुदासांची नसते. ती अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ची, म्हणजे १८८० ची. यात कुणाची चूक नाही. किर्लोस्करांची पदं चालींसकट नटांच्या पिढ्यांनी गळ्यांत सांभाळली. विष्णुदासांची छापली गेली, पण गाणारी परंपरा मधेच तुटली. आणि पदाची पहिली उडी नेमकी या दोन नावांच्या मधली आहे. 'शाकुंतला'त सूत्रधार नांदी आणि प्रस्तावना करून बाजूला होतो, पुढं शकुंतला तिचं पद स्वतः म्हणते. त्या दिवसापासून नटाला गळा लागला.

नांदी ऐकताना मधल्या रांगेत बसावं, साधारण पाचवी ते दहावी. अगदी पुढं बसलं तर साथीची वाद्यं गायकांवर चढतात. ऑर्गन असेल तर वादकाच्या पायांकडं लक्ष द्यावं. दोन्ही पाय आळीपाळीनं पायट्या दाबतात, त्यातून भाता चालतो. भात्याचं कापड किंवा चामडं विरलं की हवा गळते, पाय जोरात मारावे लागतात आणि लांब सूर मधेच लुळा पडतो. पट्टीखालच्या सुरावर, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या पातीवर, धूळ बसली तर एखादा स्वर उमटतच नाही. झडप नीट मिटली नाही तर तोच स्वर हात काढला तरी वाजत राहतो. संगीत नाटकाचा प्रयोग कधी कधी सुरू व्हायला उशीर होतो, तो पुष्कळदा याच दुरुस्तीपायी. दुसरा त्रास तबल्याचा. दमट हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, ढिली होऊन तबल्याचा सूर उतरतो, कोरड्या हवेत चढतो. ऑर्गनचा सूर ठरलेला, तो कुणासाठी हलत नाही; म्हणून दर अंकाआधी हातोडीची टकटक ऐकू येते. ती ऐकून कंटाळू नये. ती झाली नाही तरच काळजी करावी.

पूजन ते संध्याकाळचा सोहळा यांच्या मधे चांगले चार-पाच तास हाताशी असतात. सरळ हरिपूर गाठावं, सांगलीपासून तीन-चार किलोमीटर.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, हळदीची पेवं आणि गोविंद बल्लाळ देवल. देवलांचा जन्म इथला, १३ नोव्हेंबर १८५५. इथल्या पारावर बसून त्यांनी 'शारदा' लिहिलं असं गावात सांगतात. १८९९ चं हे नाटक. तोवर संगीत नाटकाला पुराण नाही तर संस्कृत नाटक लागे. देवलांनी गावातल्याच घरची गोष्ट घेतली. पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला हपापलेला बाप कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आणि लग्नाची बळी ठरणारी शारदा. पदाची दुसरी उडी ती ही. देवलांची पदं आखूड, अन्वय सरळ, शब्द माजघरातले. बोलता बोलता आवाज किंचित उंचावला आणि पद झालं, असं वाटतं. हौशी मंडळी 'शारदा' बसवताना इथंच फसतात. पदाला तानांची झालर लावली की मुलगी बोलायची थांबते आणि गायिका गाऊ लागते. संवादाचं शेवटचं वाक्य आणि पदाची पहिली ओळ यांच्यात श्वासाएवढंच अंतर ठेवलं तर पद जागेवर बसतं.

एक गैरसमज जाता जाता. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा बोलण्यात 'शारदा कायदा' होतो आणि तो या नाटकावरून आला असं पुष्कळांना मनापासून वाटतं. ते नाव आहे अजमेरच्या हरबिलास सारडा यांचं. नाटकानं महाराष्ट्राचं मन तयार केलं हे खरं, पण कायद्यावरचं नाव सारडांचं आहे.

देवल नुसते लिहिणारे नव्हते, तालीम मास्तर म्हणून त्यांचा दबदबा होता. कोवळ्या बालगंधर्वांना शकुंतलेची तालीम त्यांनीच दिली. १४ जून १९१६ ला ते गेले. 'संशयकल्लोळ' संगीत होऊन रंगभूमीवर आलं ते त्यानंतर.

पेवं बघायची तर माहीतगार सोबत घ्यावा. जमिनीतल्या मोठ्या रांजणासारखा हा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. इथल्या चिकण मातीत ओल झिरपत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं किडीवाचून राहते. बंद पेवात माणूस लगेच उतरत नाही. तोंड उघडून आधी हवा खेळू देतात, नाहीतर आत जीव गुदमरतो. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं निकामी झाली. त्यामुळं वापरात असलेलं पेव दिसलं तर नशीब, पण कडेला उभं राहून वाकू नये.

चारला हरिपूर सोडावं. संगमावरचा सूर्यास्त फार देखणा असतो, पण तो या दिवशी बघायचा नाही. परतताना गर्दी लागते आणि सभागृहातल्या मधल्या जागा जातात.

संध्याकाळचा सोहळा लांबतो. स्वागत, प्रास्ताविक, मानपत्राचं वाचन, पदक, पाहुण्यांचं बोलणं आणि शेवटी मानकऱ्याचं भाषण. लोक मानपत्र वाचलं जात असताना बाहेर चहाला जातात आणि भाषणाला परत येतात. हे उलट करावं. मानपत्रात त्या कलावंताचं काम वर्षांसकट येतं, पुढच्या भाषणातले संदर्भ त्यावरच उभे असतात. आणि मानकरी बोलायला उभा राहिला की त्याची नजर आधी कुठं जाते ते बघावं. नाटकवाला माणूस माइक हातात घेण्याआधी सभागृहाची शेवटची रांग बघून घेतो, आवाज तिथवर न्यायचा असतो म्हणून. मुंबई-पुण्यात असंख्य सत्कार घेतलेली मोठी माणसं या मंचावर कातर होतात, यात नवल नाही. विष्णुदासांच्या गावात विष्णुदासांच्या नावाचं पदक, त्याच यादीच्या टोकाला बालगंधर्व.

६ नोव्हेंबर : मिरज

सकाळी मिरज. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शाकुंतला'त नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते या गावात. जुन्या हंसप्रभा थिएटरच्या जागी आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. प्रयोग नसला तर ते बाहेरूनच बघावं लागतं, आणि तेवढं पुरे.

पदाची तिसरी उडी इथून पुढची. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ मध्ये आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. रागदारी थेट पदात शिरली आणि एकेका पदावर वन्समोअर पडू लागले. लाभ झाला गाण्याचा. नाटकाचं काय झालं, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. आम्ही देवलांच्या बाजूचे, पण बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागली की वाद घालायचं सुचत नाही हेही खरं.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि कन्या हिराबाई बडोदेकर दोघांनीही रंगभूमी गाजवली. डोकं झाकायला रुमाल जवळ असावा.

उरलेला वेळ सतारमेकर गल्लीसाठी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, दांडीला आणि भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या तबलीला तुणाचं लाकूड. घासलेलं, न रंगवलेलं भोपळ्याचं कवच हातात घेऊन बोटानं टिचकी मारावी. चांगलं वाळलेलं असेल तर खण्ण वाजतं, ओल असेल तर आवाज आतच बसतो. सगळी मेहनत घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, येऊन ठरते. घोडीचा माथा किंचित उताराचा घासतात, तार त्यावर आडवी टेकून थरथरते आणि सुराभोवती ती गुंजन करणारी कड येते, तिला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामधे सरकवलेला सुताचा दोरा म्हणजे जीव. जीव केसभर पुढं गेला तर आवाज पत्र्यासारखा चिरका, मागं गेला तर मुका. कारागीर तार छेडत दोरा नखानं सरकवतो, थांबतो, पुन्हा सरकवतो, आणि एका जागी सूर अचानक उघडतो. ती जागा मोजून सापडत नाही.

तंबोरा विकत घ्यायचा असेल तर आपली पट्टी, म्हणजे आपण गातो तो मूळ स्वर, सांगावी. पुरुषी तंबोरा साडेचार-पाच फुटांचा, बायकी त्याहून आखूड. काळी चार किंवा पांढरी पाच अशा उंच पट्टीला मोठा तंबोरा ताणला तर तार तुटते किंवा घोडीवर भार येतो. रेल्वेनं नेताना चारही तारा थोड्या उतरवून घ्याव्यात, पण पूर्ण ढिल्या करू नयेत, तारेचा सूर बारीक जुळवायचे मणी आणि जीव सुटून हरवतात. कापसाच्या खोळीत घालून भोपळा भिंतीच्या बाजूला येईल असा वरच्या बर्थवर आडवा ठेवावा. बर्थखाली ढकलला तर पेट्या आत सरकवणाऱ्यांचा पहिला धक्का भोपळ्यालाच बसतो. घरी पोचल्यावर लगेच जुळवायला घेऊ नये. एक रात्र तो तसाच राहू द्यावा, लाकडाला नव्या हवेत बसू द्यावं, आणि सकाळी खर्जापासून सुरुवात करावी.